खिडकी आणि वगळलेला किनारा

मराठी समीक्षेने खिडकी सहसा बंद होऊ दिलेली नाही. कथेत खिडकी आली की ती मुक्तीची प्रतिमा होते, कवितेत आली की दुराव्याची, स्त्रियांच्या आत्मकथनांत आली की बाहेरचे जग पाहण्याच्या नाकारलेल्या हक्काची. ही वाचने आम्ही दोघेही वर्गात शिकवतो आणि ती टाकाऊ आहेत असे आमचे मुळीच म्हणणे नाही. आमचा आक्षेप एवढाच की या सर्व वाचनांत खिडकीला एकच बाजू असते. आतले माणूस बाहेर पाहते. बाहेरून काही आत घुसू पाहत आहे, आणि अशा वेळी खिडकीचे काम दाखवणे हे नसून अडवणे हे आहे, ही गोष्ट आपल्या वाङ्मयीन विचाराच्या परिघात फारशी येत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर २०२० आणि २०२१ या लागोपाठच्या वर्षांत जे घडले त्यानंतर तरी ती यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

घोटीत बसून समुद्रकाठच्या घरांविषयी लिहिण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला, असे कोणी विचारील. घोटी सह्याद्रीच्या माथ्यावरचे गाव. भात, भाताच्या गिरण्या आणि मुंबई-आग्रा महामार्ग यांचे. समुद्र येथून दिसत नाही. पण समुद्रावरून निघालेला वारा घाट चढून आला की इगतपुरी-घोटीच्या अंगावरच येतो, आणि पावसाळाभर तो पाऊस सरळ पडू देत नाही, आडवा मारतो. या आडव्या पावसाला आमच्याकडे झड म्हणतात. एकदा वर्गात ‘खिडकी : एक प्रतिमा’ असे काहीसे चालू असताना तालुक्यातल्याच एका विद्यार्थिनीने शांतपणे सांगितले, “सर, आमच्या घराला पश्चिमेला खिडकीच ठेवलेली नाही. झड येते.” त्या एका वाक्यात वास्तुशास्त्र, हवामान आणि गरिबी हे तिन्ही होते. पुढे आम्ही मुद्दाम पाहत गेलो. जुन्या घरांची पश्चिमेची भिंत बहुधा मुकी असते; असलाच तर एखादा हातभर झरोका. उलट मुंबईकरांसाठी याच परिसरात जे बंगले आणि रिसॉर्ट उभे राहिले आहेत, त्यांची पश्चिमेची भिंत पुष्कळदा सबंध काचेचीच. जाहिरातीत तिला ‘व्ह्यू’ म्हणतात. एकाच डोंगराच्या कुशीत खिडकीविषयीच्या या दोन कल्पना शेजारी शेजारी नांदतात, आणि दुसरी कल्पना पहिलीची हळूहळू थट्टा करू लागली आहे.

भाषेला मात्र हे नाते ठाऊक होते. संस्कृतात खिडकीला वातायन म्हणतात, म्हणजे वाऱ्याची वाट. इंग्रजीतला ‘विंडो’ हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आला. त्याचा मूळ अर्थ वाऱ्याचा डोळा. समुद्राशी झुंजणारे ते उत्तरेकडचे लोक आणि आपले संस्कृत शब्दकार यांनी एकमेकांना न विचारता भिंतीतल्या भोकाला नाव देताना वाऱ्याचीच आठवण ठेवली. काच नंतर आली, आणि काचेबरोबर वारा या शब्दातून निघून गेला.

तो परत आला ३ जून २०२० रोजी. ‘निसर्ग’ नावाचे तीव्र चक्रीवादळ त्या दिवशी दुपारी अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडून आत शिरले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, म्हसळा, शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातले मंडणगड आणि दापोली या तालुक्यांनी त्या काही तासांत जे पाहिले ते तेथल्या हयात पिढीने आपल्या दारात पाहिलेले नव्हते. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, रोठा सुपारीची वर्षानुवर्षे जोपासलेली झाडे गेली, कौले आणि पत्रे उडाले, वीज कित्येक दिवस परतली नाही. उरलेले वादळ ईशान्येकडे सरकत मध्य महाराष्ट्रात क्षीण झाले. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ किनाऱ्याला समांतर जात सिंधुदुर्ग-रत्नागिरीला झोडपून १७ तारखेस गुजरातेत उतरले. त्याआधी ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ने अलिबाग-मुंबईदरम्यान किनारा ओलांडला होता. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईने वादळ अनुभवलेले आहे. ‘कोकणात चक्रीवादळ येत नाही’ हे वाक्य इतिहास म्हणून कधीच खरे नव्हते. ती एक समजूत होती, आणि समजुतीवर घरे बांधली गेली.

जाता जाता नावाविषयी. ‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशाने सुचवलेले होते. त्याने मराठी वृत्तपत्रांची फार सोय केली. ‘निसर्गाचा कोप’ या जुन्याच शब्दसमूहाला आता विशेषनामाचा आधार मिळाला आणि घर का पडले, या प्रश्नाचे उत्तर मथळ्यातच संपून गेले. घर निसर्गाने पाडले. ते कसे बांधले होते हे विचारण्याची आवश्यकताच उरली नाही.

तरी विचारले पाहिजे. वादळात छप्पर उडते ते केवळ वरून ओढले गेल्यामुळे नव्हे. वारा घरावरून वाहताना छपराला वरच्या बाजूने ओढ असतेच. पण वाऱ्याच्या तोंडावरची एखादी खिडकी फुटली की तोच वारा आत भरतो आणि छपराला खालूनही ढकलू लागतो. वरची ओढ आणि आतला दाब यांची बेरीज होते आणि छप्पर जाते. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘आयएस ८७५’ या संहितेचा तिसरा भाग वाऱ्याच्या भाराविषयी आहे. त्यात हे सगळे आकड्यांनी सांगितले आहे : भिंतीच्या क्षेत्रफळाच्या ५ टक्क्यांपर्यंत उघडी जागा असेल तर आतल्या दाबाचा गुणांक ०.२ धरावा, ५ ते २० टक्के असेल तर ०.५, त्याहून अधिक असेल तर ०.७. म्हणजे बंद खिडक्यांचे घर आणि फुटल्या खिडक्यांचे घर ही वाऱ्याच्या हिशेबात दोन वेगवेगळी घरे होत. वादळात एखादी खिडकी मुद्दाम उघडी ठेवावी म्हणजे दाब सम राहतो, ही जी समजूत अनेक ठिकाणी ऐकू येते, तिला या गणितात आधार नाही.

फ्लोरिडाने हा धडा फार मोठी किंमत मोजून घेतला. २४ ऑगस्ट १९९२ रोजी ‘अँड्र्यू’ वादळाने मायामीच्या दक्षिणेकडच्या वस्त्या उद्ध्वस्त केल्या, आणि दोन वर्षांत तेथील बांधकाम-नियम बदलले. घराची प्रत्येक उघडी जागा उडत्या वस्तूंच्या आघातापासून सुरक्षित असलीच पाहिजे, असे ठरले. त्या नियमातून जिला ‘इम्पॅक्ट विंडो’ म्हणतात ती खिडकी घरोघर गेली. आपण तिला आघातरोधक खिडकी म्हणू. तिचे तत्त्व आपल्या परिचयाचे आहे. मोटारीची समोरची काच तशीच असते. दोन काचांच्या मध्ये चिवट प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. काच तडकते, पण चौकट सोडत नाही, भोक पडू देत नाही. परीक्षा मोठी कडक. सुमारे चार किलोचा लाकडी वासा ताशी पंचावन्न किलोमीटर वेगाने काचेवर मारतात, आणि त्या तडकलेल्या काचेवर नंतर नऊ हजार वेळा दाब देतात व काढतात, कधी आत ढकलून तर कधी बाहेर ओढून. वादळात वारा दिशा बदलतो, आणि घराच्या एका बाजूला ढकलत असतानाच दुसऱ्या बाजूला ओढत असतो, हे त्या परीक्षेला ठाऊक आहे.

येथे एक व्यावहारिक इशारा देणे भाग आहे. आपल्या बाजारात ‘मजबूत काच’ म्हणून पुष्कळदा टफन्ड काच दाखवली जाते. ती साध्या काचेपेक्षा सहज फुटत नाही हे खरे. पण फुटली की तिचे लहान लहान दाणे होऊन सबंध काच खाली येते आणि चौकट रिकामी होते. अंगाला जखम होऊ नये यासाठी ती उत्तम. वादळ अडवण्यासाठी तिचा उपयोग नाही. तेथे पापुद्र्याची, म्हणजे लॅमिनेटेड काचच हवी, आणि ती धरून ठेवणारी चौकट भिंतीत खोल रोवलेली हवी. पातळ ॲल्युमिनियमच्या पट्टीत सरकणारी आपली सर्वत्र दिसणारी खिडकी या दोन्ही कसोट्यांना उतरत नाही. जोराच्या दाबाखाली ती पट्टी वाकते आणि सबंध तावदान खोबणीतून निसटते.

आता हे सर्व वाचून श्रीवर्धनच्या एखाद्या शिक्षकाने किंवा बागाईतदाराने आघातरोधक खिडक्या बसवाव्यात, असे आम्हांला म्हणायचे आहे काय? नाही. या खिडक्या महाग आहेत आणि आपल्याकडे त्या समुद्रदर्शनी बंगल्यांच्या वैभवाचा भाग म्हणून येत आहेत, आवाज अडवणाऱ्या आणि चोर अडवणाऱ्या खिडक्यांच्या रांगेत. आमचा वाद याच ठिकाणी आहे. फ्लोरिडात खिडकी आधी नियमात आली आणि मग दुकानात. आपल्याकडे ती थेट दुकानात येत आहे. ज्याला परवडेल त्याचे छप्पर राहील. सुरक्षितता ही अशी खासगी खरेदी होऊन बसली की तिच्याविषयी सार्वजनिक भाषेत बोलणे थांबते. आणि भाषा थांबते तेथे साहित्याच्या माणसांनी लक्ष घातले पाहिजे, म्हणूनच आम्ही संहिता वाचायला घेतली.

साहित्याच्या प्राध्यापकांनी मानक ब्यूरोची संहिता वाचणे विनोदी वाटेल. तथापि, ओळीओळीने वाचणे हेच आमचे काम, आणि या संहितेत एक उतारा असा आहे की जो आम्ही कोणत्याही प्रश्नपत्रिकेत रसग्रहणासाठी आनंदाने देऊ. ‘आयएस ८७५’च्या तिसऱ्या भागाची सुधारित आवृत्ती २०१५ सालची. तिच्यात चक्रीवादळप्रवण प्रदेशासाठी एक जादा गुणक आला आहे. किनाऱ्यापासून साधारण ६० किलोमीटरच्या पट्ट्यात वादळानंतर ज्यांची गरज लागते अशा वास्तू, म्हणजे निवारे, इस्पितळे, शाळा, संपर्काचे मनोरे, बांधताना वाऱ्याचा वेग १.३० पट धरावा. कारखान्यांसाठी १.१५ पट. बाकी सर्व वास्तूंसाठी १, म्हणजे काहीच जादा नाही. हा पट्टा कोणत्या किनाऱ्याचा? पूर्व किनाऱ्याचा आणि गुजरातचा. पश्चिम किनाऱ्यावर तीव्र चक्रीवादळांचा धोका केवळ गुजरातलाच आहे, अशा आशयाचे विधान तेथे आहे.

त्या ‘केवळ’कडे पाहावे. व्याकरणात ज्याला अवधारण म्हणतात, ते करणारा हा शब्द. तो एका प्रदेशाला आत घेतो आणि त्याच क्षणी दुसऱ्याला बाहेर ठेवतो, पण बाहेर ठेवलेल्याचे नावही उच्चारत नाही. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा आणि पुढे गोव्याचा किनारा त्या एका शब्दाने वगळला गेला आहे. गंमत अशी की त्याच २०१५ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पाचा दुसरा टप्पा मंजूर केला, आणि त्यात महाराष्ट्र व गोवा ही दोन्ही राज्ये आहेत. एका दस्तऐवजात कोकणाला धोका आहे, दुसऱ्यात नाही. पाच वर्षांनी ‘निसर्ग’ आला तेव्हा तो यांपैकी कोणताही दस्तऐवज वाचून आला नव्हता.

आमच्या एका अभियंता मित्राने यावर आक्षेप घेतला, आणि तो वजनदार आहे. संहितेने नाशिकसाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. मुंबईसाठी ४४ मीटर. ‘निसर्ग’चा वेग याहून अधिक नव्हता. मग दोष संहितेचा कसा? घरे संहितेप्रमाणे बांधलेलीच नव्हती, हा खरा दोष. शिवाय जादा गुणक लावला तरी राहत्या घरांना तो १ च राहणार. हे सगळे आम्हांला मान्य आहे. म्हणूनच आमची मागणी बंगल्यांच्या खिडक्यांविषयी नाही, शाळांच्या आणि ग्रामीण रुग्णालयांच्या खिडक्यांविषयी आहे. वेग १.३० पट धरला की दाब त्याच्या वर्गाने वाढतो, म्हणजे जवळजवळ ६९ टक्क्यांनी. गुजरातच्या किनाऱ्यावरची शाळा एवढ्या जादा दाबासाठी बांधायची, आणि तेवढ्याच समुद्राला तोंड देणारी रायगडातली शाळा मात्र नाही. वादळाच्या आदल्या दिवशी किनाऱ्यावरच्या लोकांना कोठे हलवतात? बहुधा शाळेतच. ‘निसर्ग’मध्ये रायगड-रत्नागिरीतल्या अनेक शाळांची छपरे गेली. वगळलेल्या किनाऱ्याचा अर्थ असा वर्गखोलीपर्यंत येऊन पोचतो.

आणि धोका जुन्या मापाचा राहिलेला नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या २००१ ते २०१९ या काळात, आधीच्या १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत, ५२ टक्क्यांनी वाढली. अतितीव्र वादळांची वाढ १५० टक्के. ही सगळीच वादळे कोकणात येतात असे नव्हे. बरीचशी ओमान-येमेनकडे किंवा गुजरातकडे जातात. पण ‘केवळ’ हा शब्द आता तेथे टिकू नये, एवढे सांगायला हे आकडे पुरेत.

दुसरी वाचण्याजोगी संहिता म्हणजे पंचनामा. मराठी गद्याच्या इतिहासात पंचनाम्याचा विचार कोणीतरी कधीतरी करावयास हवा, कारण खेड्यापाड्यांतील असंख्य कुटुंबांच्या आपत्तीचे एकमेव लिखित कथन तेच असते. ‘निसर्ग’नंतर राज्य सरकारने पूर्ण पडलेल्या घरासाठीची मदत ९५,१०० रुपयांवरून दीड लाखांवर नेली, हे योग्यच झाले. पण पूर्ण न पडलेल्या घराचे काय? तेथे ‘अंशतः’ हे क्रियाविशेषण येते, आणि त्याची व्याख्या किमान १५ टक्के नुकसान अशी. दोन खिडक्या गेल्या, रात्रभर पाणी आत आले, भाताच्या कणग्या, अंथरुणे, मुलांची वह्या-पुस्तके भिजली. भिंती आणि आढे मात्र उभे आहेत. हे १५ टक्के होतात की नाही, हे लिहिणाऱ्याच्या नजरेवर. पंचनाम्याला घर म्हणजे छप्पर आणि भिंत एवढेच दिसते. भिंतीतली उघडी जागा त्याच्या व्याकरणात बसत नाही, आणि म्हणूनच दुरुस्तीच्या वेळी पैसा पत्र्यावर जातो आणि खिडकी पुन्हा तीच बसते, सरकती, पातळ पट्टीची. पुढच्या वादळात तोच नवा पत्रा त्याच जुन्या खिडकीमुळे उडण्याची शक्यता तशीच राहते.

फ्लोरिडाच्या नियमांत एक गोष्ट आहे जी खिडक्या विकणारे सहसा सांगत नाहीत. तेथे महाग काचच हवी असे नाही. काचेवर बाहेरून बसवायच्या भक्कम झडपाही ग्राह्य आहेत, साध्या घरांसाठी तर ठरावीक जाडीच्या प्लायवुडच्या फळ्यासुद्धा, मात्र त्या कशा आणि किती अंतरावर जखडायच्या हे नियमाने सांगितल्याप्रमाणेच. म्हणजे काम काचेचे नाही, झाकण्याचे आहे. आणि झाकण्याची विद्या आपल्याकडे होती. लाकडी झडपा, त्यांना आडवा अडसर, बाहेरून पावसाळ्याआधी बांधलेले झापांचे आडोसे. परंपरेचे गोडवे गाण्याचा आमचा उद्देश नाही. ‘निसर्ग’मध्ये जुनी कौलारू घरेही तितकीच उघडी पडली, कारण कौल नुसते ठेवलेले असते, जखडलेले नसते. परंतु बाहेर उघडणारी झडप बंद असताना वाऱ्याच्या रेट्याने आपल्या चौकटीवर अधिकच घट्ट दाबली जाते, आत उघडणारी मात्र सारी अडसरावर विसंबते, हे जुन्या सुताराला सांगावे लागत नसे. नव्या लॅमिनेटेड काचेला परवडणारा पर्याय शोधायचा तर तो या सुताराच्या आणि अभियंत्याच्या संवादातूनच निघेल.

तो संवाद कोणत्या भाषेत व्हायचा, हा मात्र पूर्णपणे आमच्या विषयाचा प्रश्न आहे. संहिता इंग्रजीत. गवंडी, सुतार, ॲल्युमिनियमचे काम करणारा मुलगा, ग्रामपंचायतीचा सदस्य, शाळा बांधकाम समितीवर असलेली आई, यांच्यापर्यंत ती मराठीत पोचत नाही. विद्यापीठीय मराठीने भाषांतराचे एवढे सिद्धान्त शिकवले, पण सोळा पानांची एक पुस्तिका, ‘वादळात शाळेची खिडकी कशी टिकेल’, आमच्यापैकी कोणी लिहिलेली नाही. आम्ही दोघांनी यंदा ती लिहायला घेतली आहे. तपासून देण्याचे काम त्याच अभियंता मित्राने, थोडे हसत, पत्करले आहे.

अडचण पहिल्याच पानावर आली. खिडकीच्या भागांना काय म्हणायचे? चौकट, झडप, गज, बिजागरी, कडी, कोयंडा, अडसर, आगळ, हे शब्द वर्गात विचारले तर निम्म्या विद्यार्थ्यांना चौकट, गज आणि कडी यापलीकडे ओळख नाही. उलट ‘ट्रॅक’, ‘रोलर’, ‘टॉवर बोल्ट’, ‘सिलिकॉन’ हे सर्वांना ठाऊक. पुस्तिकेत आम्ही दुसऱ्या यादीतले शब्द तसेच ठेवणार आहोत, कारण कामगाराच्या तोंडी तेच आहेत. पहिल्या यादीसाठी एम. ए.च्या मुलांना घोटीच्या बाजारातल्या सुतारांकडे आणि ज्यांचे नातेवाईक कोकणात आहेत त्यांना तिकडे पाठवले आहे. आगळ आणि अडसर यांत नेमका भेद काय, यावर सध्या दोन सुतारांचे एकमत नाही. एकाच्या मते आगळ भिंतीतल्या भोकात सरकते आणि अडसर नुसता आडवा टेकवतात, दुसऱ्याच्या मते दोन्ही एकच.